साडेसातची भरती

अडीच वर्षांपूर्वी मी एका फोटोवरून शर्यत निवडली. डाव्या हाताला निळा समुद्र, उजव्या हाताला माड, मधून काळाभोर रस्ता आणि त्यावरून धावणारी एकटी बाई. २१ किलोमीटरची शर्यत होती, फेब्रुवारीच्या अखेरीस. तोवर मी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा पूर्ण केली होती. यवतेश्वराचा घाट चढून-उतरून आलेल्या पायांना सपाट रस्ता म्हणजे काय अवघड, असं मी धरून चालले.

सतराव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि मी कडेच्या कठड्यावर बसले. अंगातून घाम नुसता निथळत होता, वाळत नव्हता. पुढच्या दोन टेबलांवरचं पाणी संपलेलं होतं. एका स्वयंसेवक मुलाने स्वतःची बाटली माझ्या मानेवर रिकामी केली आणि मला गाडीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शर्यत अर्धवट सोडली. वाईट याचं वाटलं, की २१ पैकी जेमतेम तीन किलोमीटर समुद्र दिसला होता. बाकी सगळा बायपास, गोदामं आणि एक टोलनाका.

परतीच्या एसटीत कुंभार्ली घाट लागला तेव्हा खिडकीतून गार वारं आलं आणि मला रडू फुटलं. मी शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे किती वर्षं फळ्यावर काढतेय, बाणांसकट. तरी शर्यत निवडताना वारा, ऊन, दमटपणा यांतलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं. फोटोत हवा दिसत नाही.

त्याच प्रवासात ठरवलं, की पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटरची, एकदा धावायचीच, ती समुद्राकाठीच धावायची, आणि या वेळी निवड नीट करायची.

समुद्रच का, असं ग्रुपमधल्या सगळ्यांनी विचारलं. पहाटे पाचला समर्थ मंदिरापाशी जमणारी आम्ही दहा-बारा माणसं डोंगराळ आहोत. बोगदा ओलांडून घाटाला लागलं की आम्हाला बरं वाटतं. समुद्राचं कारण आई आहे. तिचं माहेर दाभोळच्या खाडीकाठी, धोपाव्याच्या बाजूला. लग्न होऊन साताऱ्यात आली त्याला ५४ वर्षं झाली. मी धावते हे तिला ठाऊक आहे, घरातली पदकं ती पुसून ठेवते, पण मला धावताना तिने कधी पाहिलेलं नाही. हिल मॅरेथॉनच्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो आणि गुडघ्यांमुळे तिला गर्दीत उभं राहवत नाही. तिला एकदा पाण्याच्या काठाला खुर्चीवर बसवायचं आणि तिच्यासमोरून धावत जायचं, एवढी माझी इच्छा होती. ती आधी कुणाला सांगितली नव्हती.

जगातल्या देखण्या किनारी शर्यती मी सगळ्या वाचून काढल्या. कॅलिफोर्नियात बिग सरची मॅरेथॉन एप्रिलच्या शेवटच्या रविवारी हायवे १ वरून होते. निम्म्या वाटेवर १९३२ साली बांधलेला बिक्सबी पूल येतो आणि त्याच्या आधी हरिकेन पॉइंटची दोन मैलांची चढण लागते, समोरून वारा घेत. केप टाउनची टू ओशन्स ५६ किलोमीटरची. ऑस्ट्रेलियातली एक शर्यत ग्रेट ओशन रोडवरून जाते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात हा रस्ता हाताने खोदून काढला, हे वाचल्यावर मी तो धडा नववीच्या मुलांना वेगळा तास घेऊन सांगितला. पण आईला घेऊन जायचं म्हटल्यावर या तिन्ही आपोआप बाजूला पडल्या. त्या वाचताना एक गोष्ट मात्र पक्की कळली. देखणा किनारा बहुतेक ठिकाणी कड्यांचा असतो, आणि कडा म्हणजे चढउतार आणि वारा. सपाट किनारा पुळणीचा, तिथे चढ नसतो पण हवा जड असते.

मग मी आलेखाचा कागद घेतला आणि आपल्याकडच्या शर्यती मांडायला बसले.

पहिली अर्थातच मुंबई. जानेवारीतला तिसरा रविवार, २००४ पासून चालत आलेली शर्यत, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, वांद्रे-वरळी सी लिंक. समुद्र इतका वेळ सोबत असलेली एवढी मोठी शर्यत आपल्याकडे दुसरी नाही. परतताना पेडर रोडची चढण लागते. आमच्या घाटापुढे ती चढण काहीच नाही, पण शेवटच्या टप्प्यात, पाय संपत आल्यावर ती येते. ग्रुपमधल्या ज्यांनी ती केली आहे ते सगळे त्या चढणीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मुंबईवर मी आठवडाभर अडून राहिले. शेवटी आईचा विचार केला. रस्ते बंद, लोकलची गर्दी, त्या एवढ्या माणसांत तिला कुठे बसवणार? मुंबई पुढे कधीतरी एकटीने करेन.

दुसरी विशाखापट्टणमची, नौदलाची मॅरेथॉन. आर. के. बीचचा रस्ता, वाळूवर आणून ठेवलेली कुरसुरा पाणबुडी, बाजूला पूर्वघाटाचे डोंगर. फोटो बघून मी पुन्हा भाळले. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस थेट जाते. पण इथे माझ्यातली बाई मागे राहिली आणि बाई पुढे आल्या. मुलं मला बाई म्हणतात. एका रेखांशाला चार मिनिटं, हे आपण सगळेच शाळेत शिकतो. सातारा ७४ अंशांवर, विशाखापट्टणम ८३ च्या थोडं पुढे. म्हणजे तिथे सूर्य आपल्यापेक्षा ३५-४० मिनिटं आधी येतो, आणि येतो तो थेट समुद्रातून, मध्ये आडोसा काही नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावर सकाळी साडेसहालाच ऊन तोंडावर. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकं उलटं आहे. सूर्य सह्याद्रीच्या मागून येतो. डोंगर, टेकड्या, झाडं ओलांडून त्याला किनाऱ्यावर पोचायला वेळ लागतो. ४२ किलोमीटर धावायला मला पाच तास लागणार, तर त्या पाच तासांत सावलीचा एक-एक मिनिट माझ्या कामाचा. शिवाय बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो. हुडहुड १२ ऑक्टोबर २०१४ ला त्याच शहरावर येऊन धडकलं होतं. वर्षभर सराव करून ऐनवेळी शर्यत रद्द झाली तर आईला पुन्हा त्या प्रवासाला तयार करणं मला जमलं नसतं.

चेन्नई याच कारणाने गेली. कोचीचा मी बराच विचार केला, पण हवा बघून तीही सोडली.

कागदावर सगळं ठरत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन गुहागरला गेले. मामेभावाकडे चार दिवस मुक्काम. सोबत एक वजनकाटा नेला. त्यावर घरातले सगळे हसले, पण या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगाचा तोच ठरला.

पद्धत सोपी आहे. धावायच्या आधी वजन करायचं, आल्यावर अंग कोरडं करून पुन्हा करायचं. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं असं धरायचं, आणि वाटेत जेवढं प्यायलो तेवढं त्यात मिळवायचं. साताऱ्यात थंडीच्या दिवसांत दोन तास धावले की माझं एक लिटरही जात नाही. गुहागरला पहाटे पाचला निघाले, दोन तास, रस्ता सपाट, वेग घरच्यापेक्षा कमीच ठेवलेला. अर्धा लिटर प्यायले होते तरी वजन १.६ किलोने उतरलं. म्हणजे दोन लिटरच्या वर घाम. घड्याळात हृदयाचे ठोके १५८, साताऱ्यात त्याच वेगाला १४५ असतात. ऊन अजून आलेलंसुद्धा नव्हतं.

कारण माहीत होतं, पण अंगावर घेतल्याशिवाय पटत नाही. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, घाम वाळला म्हणून थंड होतं. हवेत आधीच बाष्प काठोकाठ असलं की घाम वाळत नाही, नुसता गळतो. मग हृदय जास्त रक्त कातडीकडे पाठवत राहतं आणि पायांच्या वाट्याला कमी येतं. ग्रुपमधले काहीजण म्हणायचे, सातारा सातशे मीटरवर आहे, तू खाली गेलीस की उडशीलच. सातशे मीटरने फार फरक पडत नाही. जो काही पडत असेल तो दमट हवा पहिल्या तासातच वसूल करते.

पहाटेचा वारा मात्र मी त्या चार दिवसांत पहिल्यांदा खरा ओळखला. रात्रभर जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. हा मतलई वारा. हलका, कोरडा, पाठीवर आल्यासारखा. नऊ-दहाच्या सुमारास तो पडला, काही वेळ हवा एकदम मेली, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू झाला. ती मधली मेलेली हवा मला गोळे आलेल्या शर्यतीतल्या सतराव्या किलोमीटरची वाटली. अगदी तीच. तेव्हा शर्यत पावणेसातला सुरू झाली होती. माझा हिशोब तिथेच झाला. जी शर्यत अंधारात सुटते तीच माझी. मतलई वारा आहे तोवर जितकं अंतर कापता येईल तितकं कापायचं.

परतण्याच्या आदल्या दिवशी आईला धोपाव्याला नेलं. आता तिथून दाभोळला फेरीबोट जाते, गाड्यांसकट. तिच्या लहानपणी होडी होती. जेट्टीवर मी तिला म्हटलं, "तुला समुद्र बघायचा ना, चल, पुढे किनाऱ्यावर जाऊ." ती म्हणाली, "अगं, माझा समुद्र हाच. मोठ्या समुद्रावर आम्ही कुठे जायचो? पुरुष जायचे. आमचं सगळं खाडीत. ओहोटी लागली की खाजणात उतरायचं, कालवं काढायची, भरती चढायच्या आत घरी. वेळ चुकली की चप्पल तिथेच."

वर्षभर मी निळ्या पाण्याचे, पांढऱ्या लाटांचे फोटो चाळत होते. जिच्यासाठी चाळत होते तिच्या आठवणीतलं पाणी करडं होतं, कांदळवनातून आत शिरणारं, चिखलाच्या वासाचं. मी लाटांच्या मागे होते, ती भरती-ओहोटीच्या.

साताऱ्याला आल्यावर यादीतली एक शर्यत, जी मी दोनदा खोडली होती, पुन्हा लिहिली. गोवा रिव्हर मॅरेथॉन, वास्कोची. खोडायचं कारण तिचं नाव होतं. नदीकाठची शर्यत समुद्राची कशी, असा माझा आक्षेप. पण झुआरीचं वास्कोजवळचं पाणी नदीचं नाही, खाडीचं आहे. रुंद, खारं, दिवसातून दोनदा चढणारं. मुख समोर, मुरगावचं बंदर तिथेच. मी स्वतः खाडी या शब्दाची व्याख्या वर्षाला दोनदा लिहून देते आणि यादी करताना नावावर गेले.

मग एकेक रकाना भरत गेला. डिसेंबरची शर्यत. पाऊस संपलेला, हवा वर्षातली त्यातल्या त्यात कोरडी, तरी पहाटेचं तापमान विशीच्या आसपास आणि दमटपणा गुहागरसारखाच, हे मी धरूनच चालले. अंधारात सुटते. पश्चिम किनारा, सूर्य डोंगरांमागून. पूर्ण अंतराचा गट आहे. आणि प्रवास! साताऱ्यावरून गोवा एक्सप्रेस जाते, थेट वास्कोपर्यंत. माहुलीच्या स्टेशनवर संध्याकाळी बसायचं, मिरज, बेळगाव, लोंढा, रात्रीत दूधसागराच्या उतारावरून खाली, सकाळी वास्को. आईला गाडी बदलायला नको, जिने चढायला नकोत, खालचा बर्थ मिळाला की काम झालं. तिच्यासाठी खुर्ची कुठे ठेवता येईल हे तिथल्या एका ओळखीच्या शिक्षिकेला विचारलं, तिने स्वतः जाऊन जागा बघून ठेवली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मार्ग मोजलेला असतो का, कसा, याच्याही मागे मी लागले होते. प्रमाणित मार्ग सायकलवरून मोजतात. पुढच्या चाकाला एक मोजणी यंत्र बसवलेलं असतं आणि सायकल आधी नेमक्या अंतरावर तपासून घेतात. वळणावर आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेने जातात, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त धरतात. ४२ किलोमीटरला ४२ मीटर. एवढी काळजी कुणीतरी घेतं हे वाचून मला फार बरं वाटलं.

नोंदणी केल्यापासूनचा सराव वेगळाच झाला. घाटाचा सराव कमी करावा लागला, हे मनाला लागलं. पण घाटात चढाला एक स्नायू लागतात, उताराला दुसरे, आळीपाळीने विसावा मिळतो. सपाटीवर ४२ किलोमीटर तेच स्नायू, तेच पाऊल, विसावा नाही. फेब्रुवारीत पोटऱ्या म्हणूनच गेल्या असणार. म्हणून महामार्गाच्या सेवा रस्त्यावर लांब, कंटाळवाणं धावणं सुरू केलं. दमट हवेची सवय लागायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस पुरतात, पण एवढे दिवस आधी गोव्याला जायला शाळेची रजा कुठून आणू? ऑक्टोबरच्या उन्हात शाळा सुटल्यावर पूर्ण बाह्यांचा जाड टी-शर्ट घालून गोडोलीपासून धावत राहिले. लोक थांबून बघायचे. एका आजोबांनी विचारलं, "ताई, बरं नाही का?"

पाण्याचंही शिकावं लागलं. घाबरून नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तो त्रास तहानेपेक्षा गंभीर. म्हणून सोबत मीठ-साखरेचं पाणी, आणि दर टेबलावर थोडं-थोडं. गुहागरचा हिशोब कागदावर लिहून बाटलीला चिकटवला आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी ३२ किलोमीटर पूर्ण झाले. घरी आले तेव्हा आई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभी होती.

"तुझा रविवार कितवी तिथी गं?"

मी बघून सांगितलं, मार्गशीर्ष वद्य दशमी.

तिने बोटांवर मोजलं. कोकणात भरतीची वेळ अशीच काढतात, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. "दशमी म्हणजे साडेसात. साडेसातला खाडी भरलेली असेल."

गोव्यात थोडी अलीकडे, मी म्हटलं. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, तिथे आधी पोचते.

"मग सातला धर. तू तेव्हा कुठे असशील?"

मी बाटलीवरचा कागद काढून हिशोब केला. तिसाव्या किलोमीटरच्या अलीकडे. ज्यांनी ज्यांनी पूर्ण मॅरेथॉन केली आहे ते सगळे म्हणतात, तिथेच पाय जड होतात. आई म्हणाली, "बरं झालं. पाणी वर असेल." आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनात पेन्सिलीने एक छोटी नागमोडी रेघ काढली.